खरवडलेला ख्रिस्त

1888च्या जुलै महिन्यात दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल या गावी व्हिन्सेंट व्हॅन गॉगने एक मोठं चित्र रंगवलं आणि आपल्याच हाताने खरवडून टाकलं. चित्रात ऑलिव्हची बाग होती. निळ्या आणि नारिंगी रंगांतला ख्रिस्त होता, पिवळा देवदूत होता, तांबडी माती होती, हिरव्या-निळ्या टेकड्या होत्या आणि वर लिंबासारखं पिवळं आकाश होतं. सप्टेंबरमध्ये त्याने तोच विषय पुन्हा घेतला आणि तोही खरवडला. पॅरिसला राहणाऱ्या धाकट्या भावाला, थिओला, त्याने दोन्ही वेळा कारण कळवलं: एवढ्या थोर विषयातली माणसं समोर मॉडेल नसताना रंगवायची नाहीत. दुसऱ्या पत्रात त्याने हेही लिहिलं की रंग मात्र मनात ठरलेले आहेत. ताऱ्यांची रात्र, निळ्यातल्या निळ्या रंगाचा ख्रिस्त, किंचित मळवलेल्या लिंबू रंगाचा देवदूत आणि रक्तासारख्या जांभळ्यापासून राखेच्या रंगापर्यंत उतरत गेलेला सगळा परिसर.

म्हणजे विषय ठरलेला, रंग ठरलेले, ऑलिव्हची खरी झाडं गावाजवळच उभी. तरीही चित्र उरलं नाही.

चित्रकार आपल्या रचनेविषयी बोलतो तेव्हा तो बहुधा कॅनव्हासवर असलेल्या गोष्टींविषयी बोलतो: ही आकृती इथे का, हा रंग तिथे का. व्हॅन गॉगने कॅनव्हासवर नसलेल्या गोष्टीचंही स्पष्टीकरण दिलं, आणि त्यातून धर्माचा एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. पवित्र काही दाखवायचं तर पवित्र पुरुषाची आकृती दाखवावीच लागते का? की ती काढून घेतली तरी पावित्र्य चित्रात टिकू शकतं?

हा प्रश्न त्याच्यासाठी पुस्तकी नव्हता. 1853 साली नेदरलँड्समधल्या झुंडर्ट या खेड्यात एका पाद्र्याच्या घरी त्याचा जन्म झाला. आजोबाही पाद्रीच. घराणं डच रिफॉर्म्ड पंथाचं. त्या पंथाच्या चर्चमध्ये पूजेला मूर्ती नाही की चित्र नाही. श्रद्धेचा सगळा भार बायबलमधल्या शब्दावर. कलाविक्रेत्यांच्या पेढीवरची नोकरी सुटल्यावर व्हिन्सेंटला स्वतःलाही धर्मोपदेशक व्हायचं होतं. 1876 मध्ये इंग्लंडमधल्या रिचमंडला त्याने प्रवचन दिलं. ॲमस्टरडॅमला राहून धर्मशास्त्राच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास केला आणि अर्ध्यावर सोडला. 1878च्या अखेरीस तो बेल्जियममधल्या बोरिनाज या कोळशाच्या पट्ट्यात खाणकामगारांमध्ये धर्मप्रचारासाठी गेला. तिथे त्याने आपले कपडे वाटून टाकले, पेंढ्यावर झोपला, आजाऱ्यांची सेवा केली. सहा महिन्यांची नेमणूक संपल्यावर ती पुढे चालू ठेवण्यात आली नाही. 1880 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने चित्रकार व्हायचं ठरवलं.

धर्मपीठाशी संबंध तुटला, पण धर्माची तहान तशीच राहिली. सप्टेंबर 1888च्या अखेरीस त्याने थिओला लिहिलेल्या पत्रात याची सरळ कबुली आहे: धर्माची आपल्याला भयंकर गरज वाटते आणि मग आपण रात्री बाहेर पडून तारे रंगवतो. ऱ्होन नदीवरच्या ताऱ्यांच्या रात्रीचं चित्र त्याच दिवसांतलं. ज्या महिन्यात ख्रिस्त दुसऱ्यांदा खरवडला गेला त्याच महिन्यात हे आकाश कॅनव्हासवर आलं, ही गोष्ट ध्यानात ठेवली तर त्या खरवडण्यात श्रद्धेचा अभाव दिसणार नाही.

त्याआधीच्या एका चित्रात या सगळ्याची बीजं सापडतात. मार्च 1885 मध्ये वडील वारले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्याने वडिलांचं जाडजूड बायबल टेबलावर उघडं ठेवून रंगवलं. पान यशयाच्या 53व्या अध्यायाचं, दुःख सोसणाऱ्या सेवकाचं. शेजारी विझलेली मेणबत्ती. आणि पुढ्यात, टेबलाच्या कडेशी, हाताळून हाताळून जीर्ण झालेली, झोला या फ्रेंच लेखकाची एक पिवळी कादंबरी. वडील आणि मुलगा यांच्यातला सगळा वाद या तीन वस्तूंत मावला आहे. पण थिओला लिहिताना व्हिन्सेंटने काय सांगितलं? काळी पार्श्वभूमी, मळकट पांढरं उघडं बायबल, पुढचा भाग पिवळट तपकिरी आणि त्यात लिंबू पिवळ्याची एक जागा. एवढंच. वडिलांविषयी, श्रद्धेविषयी एक शब्द नाही. धर्माबद्दल बोलायचं असलं की तो रंगांबद्दल बोलू लागतो, ही त्याची सवय इथे प्रथम ठसठशीत दिसते.

त्याच्या भोवतालचे मित्र मात्र वेगळ्या वाटेने निघाले होते. 1888 मध्ये पॉल गोगँने ब्रिटनीमधल्या पाँ-आव्हाँ गावी ‘प्रवचनानंतरचा साक्षात्कार’ हे चित्र पूर्ण केलं. पांढऱ्या टोप्या घातलेल्या शेतकरी बायका प्रार्थना करताहेत आणि त्यांच्यासमोर याकोब देवदूताशी झुंजतो आहे. मधून सफरचंदाच्या झाडाचं खोड तिरकं गेलेलं, जमीन शुद्ध शेंदरी, गाय अवास्तव लहान. या रचनेचं कारण गोगँने व्हिन्सेंटलाच पत्राने कळवलं: ती झुंज आणि तो परिसर फक्त या बायकांच्या मनात आहे, नुकत्याच ऐकलेल्या प्रवचनातून उगवलेला. म्हणून माणसं खऱ्यासारखी आणि झुंज मात्र प्रमाण सोडून, अस्वाभाविक. झाडाचं खोड म्हणजे पाहणं आणि मानणं यांच्यामधली सीमारेषाच. गोगँला हे चित्र जवळच्या निझों गावातल्या चर्चला भेट द्यायचं होतं. चर्चने ते नाकारलं. आज ते एडिनबरोला आहे.

हे उत्तर अतिशय हुशार आहे. अदृश्य गोष्ट रंगवताना गोगँ ती अदृश्य असल्याचं रचनेतच सांगून टाकतो. पण व्हॅन गॉगला हा मार्ग मानवला नाही. ऑक्टोबर 1888च्या सुरुवातीला एमिल बर्नार या तरुण मित्राला लिहिताना त्याने आपली बाजू मांडली. आपण अतिशयोक्ती करतो, विषयात फेरफारही करतो, पण अख्खं चित्र कल्पनेतून रचत नाही. चित्र निसर्गात आधीच तयार असतं, ते फक्त मोकळं करून घ्यायचं असतं. गेथशेमानेच्या, म्हणजे त्याच ऑलिव्हच्या बागेतला ख्रिस्त निर्दयपणे नष्ट केल्याचं त्याने याच पत्रात बर्नारला सांगितलं. रंग जमला होता, आकृती अभ्यासलेली नव्हती.

वाद पेटला तो एका वर्षाने. दरम्यान व्हिन्सेंट कोसळला होता. गोगँ आर्लला येऊन दोन महिने राहून गेला, डिसेंबरमध्ये कान कापून घेण्याचा प्रकार घडला, आणि 8 मे 1889 रोजी व्हिन्सेंट स्वतःहून सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला. हे रुग्णालय एका जुन्या मठात होतं. उन्हाळ्यात त्याला मोठा झटका आला, आणि त्यानंतर थिओला त्याने जे लिहिलं त्याने हा सगळा विषय अधिक गंभीर होतो: आधुनिक कादंबऱ्या वाचणारा, आधुनिक विचारांचा आपण, पण झटका येतो तेव्हा भ्रमात विचित्र आणि भयंकर धार्मिक कल्पना येतात. जुन्या मठात राहण्याचाही तो परिणाम असावा असं त्याला वाटत होतं. बायबलमधले प्रसंग मनातून उभे करणं हे त्याच्यासाठी कलेतलं धाडस तर होतंच, पण त्यात त्याचा जीवही धोक्यात होता.

अशा वेळी, नोव्हेंबर 1889 मध्ये, गोगँचं पत्र आलं. त्याने ‘ऑलिव्हच्या बागेतला ख्रिस्त’ रंगवला होता: हिरवट निळं तिन्हीसांजेचं आकाश, वाकलेल्या झाडांचा जांभळा पुंजका, जांभळी जमीन आणि शेंदरी केसांचा ख्रिस्त. त्या ख्रिस्ताला गोगँने स्वतःचा चेहरा दिला होता. एकवीस वर्षांच्या बर्नारनेही आपल्या बायबलविषयक चित्रांचे फोटो पाठवले. त्यातही ऑलिव्हच्या बागेतला ख्रिस्त होता. जो विषय व्हिन्सेंटने दोनदा खरवडला, तो दोन्ही मित्रांनी रंगवून पूर्ण केला होता.

त्याचं उत्तर म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस बर्नारला लिहिलेलं पत्र. बर्नारच्या ख्रिस्तजन्माच्या चित्रातलं धार्मिक वातावरण त्याने रोगट ठरवलं आणि बर्नारचंच जुनं, कुरणात फिरणाऱ्या ब्रिटनीच्या बायकांचं चित्र किती सुंदर होतं याची आठवण करून दिली. पण पत्राचं खरं मोल टीकेत नाही. टीकेनंतर तो आपल्या एका ताज्या चित्राची रचना उलगडून सांगू लागतो.

चित्र आहे रुग्णालयाच्या बागेचं. एका बाजूला करड्या रंगाचा ओटा आणि इमारतीची भिंत, फुलं झडून गेलेली गुलाबाची झुडपं. दुसरीकडे बागेची जमीन, गेरूच्या रंगाची, उन्हाने भाजलेली, पाइनच्या काटक्यांनी झाकलेली. कडेने उंच पाइन वृक्ष: बुंधे आणि फांद्या गेरूच्याच रंगाच्या, पानांचा हिरवा मात्र काळं मिसळून उदास केलेला. मागे संध्याकाळचं पिवळं आकाश, त्यात जांभळे पट्टे. वर जाता जाता पिवळ्याचा गुलाबी आणि गुलाबीचा हिरवा होतो. नजर आणखी पुढे जाऊ पाहते तर गेरूच्या रंगाची भिंत आडवी येते. भिंतीवरून एक जांभळी-पिवळी टेकडी तेवढी दिसते.

आणि पुढ्यात पहिलं झाड. प्रचंड बुंधा, पण वीज पडून गेलेला आणि करवतीने कापलेला. बाजूची एक फांदी तरीही उंच वर गेली आहे आणि तिथून गडद हिरव्या डहाळ्यांचा लोंढा खाली कोसळतो आहे. या काळ्या राक्षसाला तो मान खाली घालावी लागलेल्या अभिमानी माणसाची उपमा देतो. समोर कोमेजत चाललेला शेवटचा गुलाब, फिकट हसू असलेला. झाडांखाली रिकामे दगडी बाक. पावसाच्या डबक्यात आकाशाचा पिवळा तुकडा. शेवटच्या किरणाने गेरू मध्येच नारिंगी होतो. बुंध्यांच्या मधून काही काळ्या आकृत्या फिरताहेत.

मग तो बर्नारला या रचनेचं मर्म सांगतो. गेरूचा तांबडा, करड्याने उदास केलेला हिरवा आणि बाह्यरेषांचा काळा, हे तिन्ही एकत्र आले की रुग्णालयातल्या आपल्या सोबत्यांना वारंवार छळणारी घालमेल मनात उभी राहते. वीज पडलेलं झाड आणि शरदातल्या शेवटच्या फुलाचं आजारी हसू तिला बळ देतात. त्याच पत्रात तो दुसऱ्या एका चित्राबद्दलही लिहितो: कोवळ्या गव्हाच्या शेतावर उगवणारा सूर्य, भिंतीकडे धावणाऱ्या नांगरटीच्या रेघा, पांढरा सूर्य आणि त्याभोवती मोठं पिवळं वलय. तिथे त्याला शांती दाखवायची होती. आणि ही दोन चित्रं सांगण्याचं कारण एकच: वेदना दाखवायला इतिहासातल्या गेथशेमानेत जावं लागत नाही, आणि दिलासा द्यायला डोंगरावरच्या प्रवचनातली माणसं उभी करावी लागत नाहीत.

आता या वर्णनाशेजारी गेथशेमानेची कथा ठेवून पाहावी. वधस्तंभाच्या आदल्या रात्री बागेत एकटा पडलेला ख्रिस्त, झोपी गेलेले शिष्य, रक्ताच्या थेंबांसारखा घाम, आणि धीर द्यायला आलेला देवदूत. व्हॅन गॉगने यातलं एकही पात्र घेतलं नाही. पण बाग आहे. संध्याकाळ आहे. ज्याच्यावर आघात झाला असा एक उंच जीव ऐन पुढ्यात आहे. रिकामे बाक आहेत, म्हणजे सोबतीला कुणी बसलेलं नाही. आणि शेवटच्या किरणापुरता दिलासा आहे. कथेतल्या माणसांनी मोकळ्या केलेल्या जागा त्याने रुग्णालयाच्या आवारात असलेल्या वस्तूंनी भरल्या, आणि एकही वस्तू मनाची आणली नाही. ते झाड खरोखरच कापलेलं होतं.

‘मनाचं आणायचं नाही’ हा त्याचा नियम केवढा कडक होता याचा एक पुरावा अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालयात आहे. तिथल्या त्याच्या ऑलिव्ह वृक्षांच्या चित्रात, रंगाच्या जाड थरात, एक लहानसा नाकतोडा चिकटलेला असल्याचं 2017 मध्ये जाहीर झालं. संवर्धक सूक्ष्मदर्शकाखाली चित्राचा पृष्ठभाग तपासत असताना तो दिसला. आधी तो एखाद्या पानाचा ठसा वाटला होता. भोवतीच्या रंगात धडपडीच्या खुणा नाहीत, म्हणजे रंगात पडला तेव्हा तो आधीच मेलेला होता. 1889 मध्ये ऑलिव्हच्या राईत वाऱ्याने धूळ आणि किडे उडत असताना हा माणूस तिथे उभा राहून काम करत होता, हे त्या किड्याने सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जपून ठेवलं.

सँ-रेमीला त्याने ऑलिव्हची झाडं पुन्हा पुन्हा रंगवली. त्यामागचा विचार थिओला लिहिलेल्या पत्रात सापडतो: ऑलिव्हच्या बागेतला ख्रिस्त आपण रंगवणार नाही, आजही दिसते तशी ऑलिव्हची तोडणी रंगवू, माणसांची प्रमाणं नीट साधू, आणि मग कदाचित पाहणाऱ्याला त्या दुसऱ्या गोष्टीची आठवण आपोआप होईल. डिसेंबरमध्ये त्याने शिडीवर चढून फळं तोडणाऱ्या बायका रंगवल्या. ‘कदाचित’ हा शब्द त्याने प्रामाणिकपणे ठेवला आहे. आठवण होईलच अशी हमी तो देत नाही.

मग जुन्या धर्मचित्रांमधल्या खुणांचं काय झालं? संतांच्या डोक्यामागची प्रभावळ कुठे गेली? याचं उत्तर त्याने सप्टेंबर 1888 मध्येच देऊन ठेवलं होतं. माणसं अशी रंगवायची की त्यांच्यात शाश्वताचा काही अंश दिसावा. पूर्वी त्यासाठी प्रभावळ असे, आता ते काम रंगांच्या कंपनाने, त्यांच्या तेजाने करायचं. याचे दाखले त्याच्या रचनांत आहेत. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये रंगवलेल्या ‘पेरणी करणारा’ या चित्रात मावळतीचं पिवळंधमक बिंब थेट शेतकऱ्याच्या डोक्यामागे येतं. शेतात सूर्य मावळतो, त्यामुळे यात खोटं काही नाही. पण माणूस नेमका कुठे उभा करायचा हे चित्रकाराच्या हाती असतं, आणि त्याने तो तिथेच उभा केला. पुढच्या वर्षी त्याने कापणी करणाराही रंगवला आणि सांगितलं की हा मृत्यू आहे, गहू म्हणजे माणसं. पण या मृत्यूत दुःख नाही, सगळं भर दिवसा, सोनेरी उन्हात घडतं आहे. बायबलमधला पेरणाऱ्याचा दृष्टान्त शब्दही न उच्चारता इथे पूर्ण झाला आहे.

पोस्टात काम करणाऱ्या रुलँची बायको ऑगस्तीन हिचं त्याने केलेलं चित्रही याच वाटेवरचं. तिच्या हातात पाळण्याची दोरी आहे, पाळणा दिसत नाही. वादळी समुद्रावरच्या एकाकी कोळ्यांनी आपल्या होडीत हे चित्र लावावं आणि त्यांना झुलवणारी अंगाई आठवावी, असा विचार त्यामागे होता. मे 1889 मध्ये थिओला त्याने रेखाटन काढून मांडणीही कळवली: मध्ये ही बाई, दोन्ही बाजूंना सूर्यफुलांचा एकेक कॅनव्हास, समयांसारखे. युरोपातल्या चर्चमध्ये वेदीमागे तीन भागांचं चित्र असतं आणि मध्यभागी मरियम असते. इथे रचना वेदीची आहे, मध्ये मात्र ओळखीच्या घरातली आई.

या सगळ्यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो हलका नाही. पत्र वाचलं नाही तर रुग्णालयाच्या बागेत गेथशेमाने कुणाला दिसेल? मूर्तीचं किंवा ख्रिस्ताच्या आकृतीचं सामर्थ्य हे असतं की ती सगळ्यांना एकदम ओळखू येते. अक्षर न येणाऱ्यालाही येते. तिच्यापुढे गाव जमतं. कापलेल्या पाइनपुढे कोण जमणार? बर्नार आणि गोगँ कॅथलिक परंपरेतले होते, गोगँ तर ऑर्लेआँजवळच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकलेला. श्रद्धेची सामायिक भाषा त्यांना टाकायची नव्हती. त्यांना मागे वळणारे म्हणून मोडीत काढणं अन्यायाचं होईल.

या आक्षेपाचा दुसरा भाग आणखी अवघड आहे. व्हॅन गॉगने अर्थ रंगांवर सोपवला, आणि रंग टिकत नाहीत. तो वापरत असे त्यातले काही तांबडे-गुलाबी रंग उजेडाने उडाले आहेत. आर्लमधल्या त्याच्या झोपण्याच्या खोलीच्या भिंती पत्रात फिकट जांभळ्या आहेत. आज चित्रात त्या निळ्या दिसतात. ज्याने सगळं रंगाच्या नात्यांवर उभं केलं त्याच्या बाबतीत पत्र हे चित्राचाच भाग होऊन बसतं.

सगुण-निर्गुणाची चर्चा लहानपणापासून ऐकत आलेल्या मराठी वाचकाला इथे व्हॅन गॉगला निर्गुणाच्या बाजूला बसवावंसं वाटेल. पण ती जागा त्याची नाही. त्याला रूप हवंच होतं, साल हवी होती, बुंध्याचा नेमका तांबडा हवा होता. त्याने एकच रूप बाजूला ठेवलं: जे त्याने डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आणि त्या रूपाबद्दल त्याला अनादर होता असंही नाही. जून 1888 मध्ये बर्नारला त्याने लिहिलं होतं की ख्रिस्त हा सगळ्या कलावंतांहून मोठा कलावंत; त्याने संगमरवर, माती, रंग हे सगळं सोडून जिवंत माणसं घडवली. ख्रिस्त आपल्याला भावेल असा फक्त रेम्ब्रांट आणि देलाक्रवा यांनी रंगवला, असंही त्याचं मत होतं.

म्हणूनच या दोघांच्या चित्रांवरून त्याने बायबलमधले विषय रंगवले, यात विसंगती नाही. सप्टेंबर 1889 मध्ये देलाक्रवाच्या ‘पिएता’चा शिळाछाप तेलात आणि रंगात पडून खराब झाला, व्हिन्सेंट हळहळला आणि त्यावरून स्वतः ते चित्र रंगवलं. मरियमच्या मांडीवरचा त्याचा ख्रिस्त तांबड्या दाढीचा आहे. या चित्राची एक प्रत आज व्हॅटिकनच्या संग्रहात आहे. वादक दुसऱ्याची रचना आपल्या परीने वाजवतो तसंच हे, असं त्याने थिओला समजावलं. मॉडेल नसण्याची अडचण इथे उरली नव्हती: गुरूचं चित्रच मॉडेल झालं होतं.

पण मे 1890 मध्ये, सँ-रेमी सोडण्याआधी, त्याने जे केलं त्यात त्याचा खरा निर्णय दिसतो. रेम्ब्रांटच्या एका जुन्या एचिंगमध्ये ख्रिस्त हात उंचावून उभा आहे आणि त्याच्या आज्ञेने मेलेला लाजर थडग्यातून उठतो आहे. सगळी रचना त्या एका उंच आकृतीभोवती फिरते. व्हॅन गॉगने त्यातून लाजर आणि त्याच्या दोन बहिणी एवढ्याच घेतल्या. थडगं आणि प्रेत जांभळ्या, पिवळ्या, पांढऱ्यात; चेहऱ्यावरचं वस्त्र उचलणाऱ्या बाईचा झगा हिरवा आणि केस नारिंगी; दुसरीचे केस काळे आणि वस्त्र हिरव्या-गुलाबी पट्ट्यांचं. मागे निळ्या टेकड्या आणि उगवता पिवळा सूर्य. एचिंगमधला उजेड-अंधार जे सांगतो तेच आपली रंगसंगती सांगेल, असं त्याचं म्हणणं. लाजरची दाढी इथेही तांबडी आहे. आणि ज्याने त्याला उठवलं तो ख्रिस्त चित्रात नाही. त्याच्या जागी सूर्य आहे.

या वेळी मॉडेल नसल्याची सबब चालत नाही. आकृती समोरच्या कागदावर तयार होती, तीही त्याच्या सर्वांत लाडक्या चित्रकाराच्या हातची. तरीही त्याने ती घेतली नाही. याचा अर्थ एवढाच निघतो की 1888 मध्ये जी अडचण म्हणून सुरू झाली ती दोन वर्षांत भूमिका झाली होती. आर्लला तो म्हणत होता, मी ख्रिस्त रंगवू शकत नाही. सँ-रेमीला त्याच्या चित्राने म्हटलं, इथे उजेड पुरेसा आहे.

ही भूमिका प्रत्येक श्रद्धावंताला पटेल असं नाही, आणि तिची किंमतही मोठी आहे. ओळखीची आकृती गेली की सामूहिक भक्तीचा आधार जातो. उरतो तो एकेकटा पाहणारा. तरी या लढतीत पारडं व्हॅन गॉगच्या बाजूला झुकतं, आणि त्याचं कारण त्याच्या चित्रांचं सौंदर्य हे नाही. गेथशेमानेतली वेदना दोन हजार वर्षांपूर्वी एकदा घडून संपली, असं त्याने मानलं नाही. ती त्याच्या शेजारच्या खोलीत, त्याच्याबरोबर त्या बागेत फिरणाऱ्या रुग्णांमध्ये चालू होती. त्यांची घालमेल बाजूला सारून कल्पनेतला देवदूत रंगवणं त्याला खोटेपणाचं वाटलं. बोरिनाजच्या खाणीत धर्मोपदेशक म्हणून त्याने जे केलं, तेच त्याने ब्रश हातात घेऊन केलं: समोर जो दुःखात आहे त्याच्याकडे आधी पाहिलं.

रुग्णालयाच्या बागेचं ते दृश्य त्याने दोनदा रंगवलं. एक चित्र जर्मनीत एसेनच्या फोल्कवांग संग्रहालयात आहे, दुसरं ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात. त्याची उपलब्ध सगळी पत्रंही याच ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयाने इंटरनेटवर विनामूल्य वाचायला ठेवली आहेत. चित्र पाहणाऱ्याने आधी त्या कापलेल्या झाडापुढे थांबावं आणि मग पत्र उघडावं. ते पत्र आज वाचायला मिळतं ते ज्याच्यावर त्यात इतकी कठोर टीका आहे त्याच्यामुळे. बर्नारने ते फाडलं नाही. जुलै 1890 मध्ये तो पॅरिसजवळच्या ऑव्हेर गावी व्हिन्सेंटच्या अंत्यविधीला हजर होता, 1893 पासून त्याने आपल्याकडच्या पत्रांतले उतारे ‘मर्क्यूर द फ्रान्स’ या नियतकालिकात छापायला दिले, आणि 1911 मध्ये कलाविक्रेता व्होलार याच्याकडून व्हिन्सेंटने आपल्याला लिहिलेल्या पत्रांचं पुस्तक प्रसिद्ध करवून घेतलं.